बुक्का न लावलेला वारकरी

मी देव मानत नाही. तरीही गेल्या वर्षी आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर मी माउलींच्या पालखीसोबत एका दिंडीतून पायी चाललो. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचा वाटा, भरताना मी दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकरीबुवांना स्पष्ट सांगितले होते, की मी माळ घालणार नाही आणि बुक्काही लावणार नाही, मात्र दिंडीची शिस्त मोडणार नाही. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पहाटे तीनला उठाल ना?"

पहिली अडचण विचारांची नव्हती, पायांची होती. वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीची एक आजी "माउली" म्हणत माझ्यासमोर वाकली, तेव्हा मी अक्षरशः मागे सरकलो, आणि ते तिला लागले असावे. दिवे घाट चढून सासवडला पोचेपर्यंत मीही वाकू लागलो होतो, कारण समोर मूर्ती नव्हती, माणूस होते.

वाल्ह्याच्या मुक्कामात बुवांनी मनातला प्रश्न काढला. वारी बंद पाडायला निघालेल्या लोकांपैकी मी आहे का, असे त्यांना विचारायचे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. हा कायदा कीर्तन-भजनावर येणार, असे बुवांच्या गावात त्या वेळी सांगितले गेले होते. मी मोबाईलवर कायद्याचा मजकूर काढून त्यांच्या हातात दिला. हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा आणि प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, हे कलम त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले. "मग आम्हाला उलटं कुणी आणि का सांगितलं?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आमच्या बाजूच्या किती जणांनी हे कलम घेऊन वारकऱ्यांच्या एखाद्या फडावर जाऊन बसण्याची तसदी घेतली असेल, हा प्रश्न मलाही पडला.

मी स्वतः काही फार शहाणा वागलो नाही. लोणंदला त्याच आजी सांगत होत्या, की नातू तापाने फणफणला होता आणि पांडुरंगाने त्याला वाचवले. मी पटकन बोलून गेलो, "औषधाने वाचला असेल." वाक्य खोटे नव्हते, पण ते कुणी मागितले नव्हते. आजी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी तरडगावला त्यांनीच माझ्या टाचेचा फोड मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून तो आरपार काढला आणि पाणी निथळावे म्हणून दोऱ्याची टोके बाहेर लोंबती ठेवली. माझ्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीच क्षमा मागितली.

मला सर्वांत आवडली ती मुक्कामाच्या तळावरची समाजआरती. हजारो टाळ वाजत असताना चोपदार हातातला चोप (दंड) उंचावतो आणि सारे एकदम शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, आणि चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणे ऐकून घेतो. न पटलेल्या माणसाला बोलण्यासाठी एवढी साधी सोय आमच्या पुरोगामी बैठकांत मी पाहिलेली नाही.

पंढरपुरात मी दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो नाही. महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी मात्र बराच वेळ थांबलो. विठ्ठल मंदिराचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच गावात दहा दिवस उपोषण केले होते. ते स्वतः श्रद्धावान होते, आणि त्यांना विरोध करणारेही श्रद्धावानच होते. त्या भांडणात मी कुणाच्या बाजूने आहे, हे ठरवायला मला देव मानावा लागत नाही.

आजी दर्शन घेऊन परत येईपर्यंत त्यांचे गाठोडे मी वाळवंटात सांभाळत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या आणि त्यांनी पदरातून चुरमुऱ्यांच्या दोन पुड्या काढल्या. "ही देवाला दाखवलेली, ही नुसती. तुमची ही नुसती," असे म्हणत त्यांनी एक माझ्या हातावर ठेवली. तिच्यात बत्तासे मात्र नव्हते.