झाकण नसलेला पेला

शनिवार, रात्री

फ्लोरिडातल्या डिस्नीच्या अ‍ॅनिमल किंग्डममध्ये थंड पेयाच्या पेल्यावर झाकण बसवत नाहीत. प्लॅस्टिकची स्ट्रॉ मिळत नाही, कागदी मिळते. फुगे विकत नाहीत आणि बाहेरून आणूही देत नाहीत. 22 एप्रिल 1998 ला, म्हणजे वसुंधरा दिनी, हे पार्क उघडलं तेव्हापासून प्राण्यांच्या जिवासाठी ही शिस्त आहे. टँपाहून आम्ही अधूनमधून तिथे जातो, त्यामुळे लेकीला त्याचं काही विशेष वाटत नाही. आप्पांना वाटलं.

आप्पा या वेळी पहिल्यांदाच आलेत. हात थरथरतात. पार्किन्सन्सचं निदान झाल्यापासून बाहेर काही पितानाच त्यांना जास्त संकोच वाटतो, चालताना तेवढा वाटत नाही. काउंटरवरच्या मुलाने बर्फाच्या पाण्याचा पेला पुढे केला आणि आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "झाकण द्यायला विसरला वाटतं." लेकीने लगेच सांगून टाकलं, "आजोबा, इथे झाकण नसतंच. जिराफाच्या पोटात गेलं तर?"

आप्पांनी मान डोलावली. मग बराच वेळ पेल्याला हात न लावता बसून राहिले. ते जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गाईच्या कोटीपोटात गेलेलं प्लॅस्टिक पुढे सरकत नाही, तिथेच साठत जातं, त्याचा गोळा होतो, पोट भरल्यासारखं वाटून जनावर चारा सोडतं आणि हळूहळू खंगतं, हे त्यांनी लेकीला समजावलं. डॉक्टर पोट उघडून पिशव्यांचे पिळे बाहेर काढायचे तेव्हा जनावर धरून ठेवायचं काम आप्पांचं. जिराफही रवंथ करणाराच, त्याचं पोटही तसंच कप्प्याकप्प्यांचं. "उघड्या ट्रकमधून फिरवतात, वारा आहे, झाकण म्हणजे पतंगच की. यांनी बरोबर केलंय," म्हणाले.

पार्कातल्या उघड्या ट्रकच्या किलिमांजारो सफारीत मी मुद्दाम कुंपणं शोधत होते. दिसत नाहीत. चर, पाणी आणि झाडी यांच्या आड ती अशी दडवली आहेत की जिराफ आणि आपण एकाच माळावर आहोत असं वाटतं. प्राण्याला अडवणारा चर उडत्या झाकणाला कसा अडवणार? म्हणजे प्राणी इतका जवळ आणायचा असेल तर झाकण काढून टाकावंच लागतं. पार्काची रचना आणि झाकणाचा नियम एकाच कागदावर आखले असावेत असं मला आज वाटलं.

आप्पा पाणी प्यायले ते असं: पेला अर्धा रिकामा केला, दोन्ही हातांत धरला आणि आम्ही घरून नेलेली सिलिकॉनची वाकणारी नळी लावली. कागदी स्ट्रॉ त्यांना जमत नाही. ओठांची पकड कमी झाल्यामुळे ती दातांत धरावी लागते आणि कागदाचा लगदा होतो.

झोपायला जाताना म्हणाले, "उद्या कुठे जायचं नाही ना?" दमलेत.


रविवार

आज घरीच. सकाळपासून वाचत बसले आहे.

स्ट्रॉ मुळात कागदाचीच होती. वॉशिंग्टनमधल्या मार्व्हिन स्टोन यांनी 1888 मध्ये कागदी स्ट्रॉचं पेटंट घेतलं. प्लॅस्टिक कितीतरी उशिरा आलं. मला आजवर माहीत नव्हती ती वाकणाऱ्या स्ट्रॉची गोष्ट. जोसेफ फ्रीडमन आपल्या लहान मुलीला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दुकानात बसले होते. समोर मिल्कशेक, काउंटर उंच, स्ट्रॉ सरळ, आणि मुलीचं तोंड काही पोचेना. त्यांनी स्ट्रॉमध्ये स्क्रू घातला, वरून दोरा गुंडाळून वळ्या पाडल्या आणि ती वाकू लागली. 1937 मध्ये पेटंट मिळालं. तिचं पहिलं गिऱ्हाईक होतं एक रुग्णालय. अंथरुणावर पडून पाणी पिणाऱ्यांसाठी ती घेतली गेली. आप्पांसारख्यांसाठीच म्हणायची.

हे वाचून मी आप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग चैनीची वस्तू कधी झाली?"

नेमकं तेच. गरज होती थोड्यांची, पण ती सगळ्यांच्या पेल्यात न मागता जाऊन बसली. अमेरिकेत रोज 50 कोटी स्ट्रॉ वापरतात, हा आकडा जिथेतिथे दिसतो. तो काढला होता व्हरमाँटच्या एका 9 वर्षांच्या मुलाने, 2011 मध्ये, स्ट्रॉ बनवणाऱ्यांना फोन करकरून. आकडा ढोबळ आहे, पण त्या मुलाचं मागणं मला फार शहाणपणाचं वाटतं: स्ट्रॉ देण्याआधी विचारा. बंदी घाला असं तो म्हणत नव्हता.

2015 मध्ये कोस्टा रिकाच्या समुद्रात एका कासवाच्या नाकपुडीत रुतलेली स्ट्रॉ चिमट्याने ओढून काढतानाचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. ते कासव होतं ऑलिव्ह रिडले. आपल्या वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं तेच. आप्पांची बदली मंडणगडला होती तेव्हा वेळासच्या वाळूत गावकरी अंडी राखायला बसायचे, ते त्यांनी पाहिलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये ते काम सुरू केलं. त्याआधी अंडी सर्रास चोरीला जात. मी तो व्हिडिओ आप्पांना दाखवणार होते, मग नाही दाखवला. रक्त येतं त्यात.

त्या व्हिडिओनंतर तीन वर्षांत सगळं हललं. 2018 च्या जूनमध्ये सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांची पार्कं चालवणाऱ्या कंपनीने आपल्या 12 पार्कांतून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ आणि पिशव्या काढल्या. जुलैमध्ये डिस्नीने जाहीर केलं की 2019 च्या मध्यापर्यंत जगभरच्या आपल्या जागांवरून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ आणि ढवळण्याच्या काड्या हटवू. वर्षाला 17 कोटी 50 लाख स्ट्रॉ आणि 1 कोटी 30 लाख काड्या. हा आकडा मी दोनदा वाचला. एकाच कंपनीचा आहे. त्याच जूनमध्ये, 23 तारखेपासून, महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीचा दंड सुरू झाला होता आणि फोनवर आई भाजीवाल्याच्या कापडी पिशव्यांचं कौतुक सांगत होती. पुढे 1 जुलै 2022 पासून भारतभर प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ बंद झाल्या, छोट्या खोक्यातल्या आंब्याच्या सरबताला चिकटवलेल्यासुद्धा.

पण अ‍ॅनिमल किंग्डममध्ये जे 1998 मध्ये झालं ते त्याच मालकाच्या इतर पार्कांत व्हायला 20 वर्षं का लागली? हाच प्रश्न कालपासून डोक्यातून जात नाही.

मला सापडलेलं उत्तर असं. मॅजिक किंग्डम या डिस्नीच्या फ्लोरिडातल्याच दुसऱ्या पार्काच्या पोटात बोगदे आहेत. फ्लोरिडात जमिनीखाली लगेच पाणी लागतं, म्हणून ते आधी जमिनीवर बांधले, तळं खणून निघालेली माती वर घातली आणि त्यावर पार्क उभं केलं. 1971 मध्ये ते उघडलं तेव्हा त्यात स्वीडनचं एक तंत्र बसवलं होतं. सफाईचे लोक पेट्यांतल्या पिशव्या पडद्याआडच्या झडपांपाशी नेतात, तिथून हवेच्या ओढीने कचरा मोठ्या नळांतून सरळ पार्काबाहेर जातो. पाहुण्यांना कचऱ्याची गाडी कधी दिसत नाही. रस्ते इतके लख्ख की आपण काही टाकलं होतं हेच विसरायला होतं. इंजिनिअरिंग म्हणून मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण तिथे झाकण टाकलं की ते कुणाच्या पोटात जाईल हा विचार शिवत नाही, कारण समोर पोटच नाही. अ‍ॅनिमल किंग्डममध्ये समोर जिराफ उभा आहे. सोसणारा डोळ्यांपुढे आहे, म्हणून नियमही आहे आणि उन्हात पेला सांडला तरी कुणी कुरकुरत नाही.

दिसेनासा झालेला कचरा कुठे जातो हे मी इथल्या कचरा वेगळा करणाऱ्या केंद्रात एकदा पाहिलंय. स्ट्रॉ असते पॉलिप्रॉपिलीनची. म्हणायला वितळवून पुन्हा वापरता येण्याजोगी, पण इतकी बारीक आणि हलकी की यंत्राच्या फटींतून खाली गळते आणि बाकीच्या केरात मिसळते. झाकणं काही पॉलिस्टायरीनची, काही दुसऱ्याच कशाची, सगळी एका पट्ट्यावर. कागदी पेलाही निव्वळ कागदी नसतो, आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. म्हणजे झाकण आणि स्ट्रॉ काढली तरी पेला उरतोच. शिवाय पाण्याच्या बाटल्या. समुद्रात दरवर्षी जाणाऱ्या साधारण 80 लाख टन प्लॅस्टिकमध्ये स्ट्रॉचं वजन एक टक्काही भरत नाही. हे मला स्ट्रॉबंदीच्या विरोधात म्हणायचं नाही. पण तेवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही.

कागदी स्ट्रॉचंही तेच. 2023 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी 39 प्रकारच्या स्ट्रॉ तपासल्या. कागदाच्या 20 पैकी 18 मध्ये पीएफएएस रसायनं निघाली, वर्षानुवर्षं न कुजणारी. प्रमाण अत्यल्प होतं, तरीही होती. म्हणून उत्तम स्ट्रॉ म्हणजे न घेतलेली स्ट्रॉ, ज्यांना ती लागत नाही त्यांच्यासाठी.

बाकी राजकारण बघून थकायला होतं. आमच्या शेजारच्या, फ्लोरिडातल्याच सेंट पीटर्सबर्ग शहराने 2018 च्या शेवटी प्लॅस्टिक स्ट्रॉवर बंदीचा ठराव केला. लगेच राज्याच्या विधिमंडळाने अशा ठरावांना पाच वर्षं अडवणारं विधेयक मंजूर केलं. 2019 मध्ये गव्हर्नरांनी त्यावर नकाराधिकार वापरला म्हणून शहरं वाचली. आणि 2025 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला की अमेरिकेच्या केंद्र सरकारने कागदी स्ट्रॉ विकत घेऊ नयेत. एवढ्याशा नळीवरून दोन बाजू पडल्या आहेत आणि आप्पांचा हात दोन्ही बाजूंना दिसत नाही.


मंगळवार

लेकीच्या शाळेची सहल होती, दुसऱ्या एका पार्कात. मी मदतीला गेले होते. तिथे प्राणी नाहीत, फक्त राईड आहेत. दुपारी बाराच्या सुमारास पेट्या भरून वाहत होत्या. वरच्या वर झाकणं, त्यांत खोचलेल्या स्ट्रॉ, अर्धे भरलेले पेले. मुलांनी न मागता प्रत्येकाला झाकण आणि स्ट्रॉ मिळाली होती. एकाने तर स्ट्रॉचं वेष्टनही न काढता ती टाकून दिली. एक सफाई कामगार बाई एकेक पेला उलटा करून बर्फ वेगळा टाकत होती, कारण ओली पिशवी उचलवत नाही. तिच्या कंबरेला आधाराचा पट्टा होता. मी पेले ओतायला हात लावला तर म्हणाली, राहू दे, माझं रोजचं आहे. तरी तीन-चार मुलं येऊन लागली मदतीला. झाकणं एका पिशवीत, पेले दुसऱ्यात.

म्हणजे इथेही सोसणारं कुणी समोर आहेच. जिराफ नाही, ही बाई आहे.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. त्यांनी खात्यातल्या सवयीप्रमाणे विचारलं, "तक्रार लेखी दिलीस का?"


बुधवार

सहलीच्या त्या पार्काला लिहायला घेतलंय. इंग्रजी पत्र मी लिहितेय, मुद्दे आप्पा सांगतायत, आणि ते फार नेटके आहेत. झाकण आणि स्ट्रॉ मागेल त्यालाच द्या. वाकणाऱ्या स्ट्रॉ काउंटरवर कायम ठेवा आणि मागणाऱ्याला कारण विचारू नका, माणसाला गिऱ्हाइकांच्या रांगेत आपला आजार सांगायला लागू नये. (हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी ते तसंच घातलं.) दोन कानांचे, जड बुडाचे, धुऊन वापरायचे काही पेले ठेवा. प्रत्येक पेटीशेजारी उरलेलं पेय आणि बर्फ ओतायला वेगळं भांडं ठेवा, म्हणजे पिशव्या हलक्या होतील. पाणी भरून घ्यायचे नळ राईडच्या रांगेतच बसवा, खाण्याच्या दुकानामागे नको, कारण तहान रांगेत लागते.

पत्रात अ‍ॅनिमल किंग्डमचा दाखला द्यायचा की नाही यावर आमचं एकमत होईना. मला वाटत होतं की दुसऱ्याशी तुलना केली की माणसं चिडतात. आप्पा म्हणाले, दे. जे एका ठिकाणी 1998 पासून चाललंय ते चालणार नाही असं कुणाला म्हणता येत नाही. दिला.

सहलीला आलेल्या इतर पालकांच्या सह्या घेण्यासाठी कागद उद्या शाळेत नेणार आहे. लेकीच्या बाईंनी वर्गातल्या मुलांनाही खाली नाव लिहू देऊ असं कळवलंय. आप्पांना सही करायची आहे, पण हात थरथरतो म्हणून सकाळी औषध घेतल्यावर तासाभराने करीन म्हणाले, तेव्हा हात त्यातल्या त्यात स्थिर असतो.