सियेम रीप: सहाला निघा, उपाशी निघा

सियेम रीपला पहिल्याच रात्री आम्ही पब स्ट्रीट या पर्यटकांच्या गल्लीत जेवलो आणि फसलो. वाईट नव्हतं हो, पण पिझ्झा खायला कंबोडिया कशाला? ख्मेर, म्हणजे इथल्या स्थानिक लोकांचं रस्त्यावरचं खरं खाणं सकाळचं. नऊच्या सुमाराला बऱ्याच विक्रेत्या बायकांची पातेली रिकामी झालेली असतात.

दुसऱ्या दिवशी टुकटुक ठरवून बान्तेय श्रेई मंदिराच्या रस्त्यावरचं प्रेआ डाक गाठलं. हे गाव नोम बान्चोकसाठी, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवयांसाठी ओळखलं जातं. तांदूळ भिजवून दळायचे, वजनाखाली दाबून पाणी काढायचं, मग पीठ मळून मोठ्या सोऱ्यासारख्या साच्यातून थेट उकळत्या पाण्यात शेवया पाडायच्या. आपण चकलीचा सोऱ्या पिळतो. इथे तरफेच्या लाकडावर अख्खं अंग टाकून दाबतात. शेवया गार पाण्यात धुतल्या की बाई त्या बोटांवर गुंडाळून पांढरीशुभ्र वेटोळी रचत जाते. वाडग्यात दोन वेटोळी, वर पिवळसर हिरवा पातळ रस्सा, मग मूठभर काकडी, मोड आणि चिरलेलं केळफूल. रश्श्यात गवती चहाचा वास आधी येतो, हळद मागून.

"अगं, ही तर कढीच!" म्हणत माझ्या शाकाहारी आत्याने चमचा तोंडात घातला. मग चमचा खाली ठेवला आणि निमूटपणे केळफूल वेचून खाल्लं. मासा दिसत नाही, कारण तो शिजवून वाटणातच कुटलेला असतो. शिवाय प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांची पेस्ट, कशातही असू शकते. शाकाहारी मंडळींनी "ख्न्योम न्याम बुअस" (मी शाकाहारी खातो/खाते) एवढं पाठ करावं, आणि तरी रश्श्याच्या वाटेला जाऊ नये.

आत्याची पोटपूजा झाली ती छोट्या खाऊवर. बाजारात नोम क्रोक दिसलं आणि ती थबकलीच: बिडाचं आप्पेपात्र! तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, काहींत कांद्याची पात. खालून कुरकुरीत, आतून लुसलुशीत. बरोबरची चटणी मात्र आधी विचारून घ्या, तिच्यात बहुधा फिश सॉस असतो. नोम प्लाय आय तर उकडीच्या मोदकाचा चुलतभाऊ: चिकट तांदळाच्या पिठाचा गोळा, आत ताडाचा गूळ, वर खोवलेलं खोबरं. अख्खा तोंडात टाका, पण निवू द्या. आतला गूळ पातळ होऊन चटकन भाजतो. हा गूळही प्रेआ डाकच्या रस्त्याकडेला कढयांत आटवताना दिसतो. पानात गुंडाळलेला मिळतो, घरी आणायला उत्तम.

मांसाहार करणाऱ्यांनी एक सकाळ बाय साच च्रूकसाठी ठेवावी: कोळशावर मंद भाजलेलं डुकराचं मांस, भात, काकडी-मुळ्याचं लोणचं आणि बाजूला वाटीभर सूप. मला नोम बान्चोकपेक्षा हेच जास्त आवडलं, आत्याला सांगू नका. महामार्ग 6 वर क्रालान मिळतो. बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि कडधान्याचे काळे दाणे भरून निखाऱ्यावर भाजतात. साल सोलायला विक्रेत्यालाच सांगा, नाहीतर बोटं काळी होतात. बसच्या प्रवासात याच्यासारखा डबा नाही. स्कुन गावातल्या तळलेल्या कोळ्यांचे फोटो सगळे काढतात, आम्हीही काढले. तेवढंच.

पैशांचं: डॉलर चालतो, सुटे रिएल या स्थानिक चलनात परत मिळतात, 1 डॉलरला साधारण 4,000. नोट जरा जरी फाटलेली असेल तर घेत नाहीत, म्हणून निघतानाच कोऱ्या आणि 1 डॉलरच्या भरपूर नोटा घ्या. उसाचा रस जरूर प्या, छोटं संत्रं सोबत पिळून देतात. आत्या रोज दोन ग्लास प्यायची आणि "आलं हवं होतं" म्हणायची.