नर जिवंत, मालक वारलेला

चंद्रीची पिल्लं ६३ दिवसांत झाली, त्यांचे पेपर (केनेल क्लबकडच्या जातीच्या नोंदणीचे कागद) व्हायला मात्र पाच महिने लागले. चीड अजून उतरलेली नाही म्हणून लिहितोय.

चंद्री आमची कारवान जातीची कुत्री, पेपरवाली. नर जतकडच्या एका गावातला. बघताक्षणी आवडला, लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं, कानाशेपटीला झालर नाही (झालर असली की त्याला पश्मी म्हणतात). मालकाच्या मुलाने पेपरची झेरॉक्स दिली, तीन पिढ्यांची नावं दिसली, मी खूश, पुढचं वाचलंच नाही. सहा पिल्लं झाली, ओळखीच्या मायक्रोचिप बसल्या, सगळं सुरळीत.

लिटरच्या (एका वेळच्या सगळ्या पिल्लांच्या) नोंदणी फॉर्मवर नराच्या मालकाची सही लागते. मुलाने केली. फॉर्म परत! रेकॉर्डला मालक त्याचे वडील, आणि ते दोन वर्षांपूर्वी वारलेले. कुत्रा मुलाच्या नावावर केलाच नव्हता. मला म्हणतो, "दादा, कुत्रा तर आमच्याच दारात हाय की." आता मृत्यूचा दाखला द्या, दुसऱ्या वारसाची ना हरकत द्या, मग नर याच्या नावावर होणार आणि त्यानंतर लिटर. दुसरा वारस म्हणजे धाकटा भाऊ आणि दोघांचं बांधावरून बोलणं बंद. तो म्हणाला आधी जमिनीचं मिटवा, मग कुत्र्याचं बघू. पुण्याहून तीन चकरा मारल्या मी. तिसऱ्या वेळी त्यांची आई चहा देता देता त्याच्यावर डाफरली, "अरं कर की सही, त्या कुत्र्यानं काय घोडं मारलंय तुझं?" तेव्हा कुठे झाली.

तोवर घेणारे डोकं खात होते. आधी म्हणे ४० दिवसांचंच द्या, कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही हे सांगून तोंड दुखलं, नंतर तेच लोक म्हणायला लागले आता मोठं झालं, पेपरही नाहीत, पैसे कमी करा.

तर क्रॉसिंगच्या आधीच नराच्या पेपरवर मालक कोण ते बघा आणि त्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. हां, चिपचा नंबर १५ आकडी असतो, हाताने लिहू नका, स्टिकर लावा, माझा एका ठिकाणी ३ चा ८ झाला होता. जातीच्या रकान्यातही गोंधळ होतो, केनेल क्लब ऑफ इंडियाकडे कारवान हाउंड लिहितात आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे मुधोळ हाउंड, आईबापाच्या पेपरवर असेल तेच टाका.

पेपर आले तेव्हा दोनच पिल्लं उरली होती, पिल्लं कसली, घोडे. त्यातलं एक घ्यायला आलेल्याकडून ट्रान्सफरचा फॉर्म तिथल्या तिथे गाडीच्या बॉनेटवर भरून घेतला, सहीसकट, आणि मगच पट्टा त्याच्या हातात दिला.