पदरात कोंबलेला खोकला
आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंसोबत आज गोवंडीला टीबीच्या तपासणीसाठी गेले होते. रांगेत शेजारी बसलेल्या मावशी बोलायला लागल्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांना खोकला सुरू झाला, तर पदर तोंडात कोंबून खोकायच्या. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर क्वारंटाइन सेंटरला नेतील, मुलाचं काम जाईल, ही धास्ती. टीबी असल्याचं कळलं थेट पुढच्या वर्षी, हाडांचा सापळा झाल्यावर.

अशा कितीतरी मावशी असतील. २०१९ मध्ये देशात टीबीच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाखांची. टीबी काही पळून गेला नव्हता. दवाखाने, कर्मचारी, तपासणीची मशिनंसुद्धा कोविडकडे वळवली होती, आणि लोक घाबरून घरात बसले होते.

आणि घर म्हणजे तरी काय? एका खोलीत सहा जण, संडास सार्वजनिक, पाण्याला रांग. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत सिरो सर्वेक्षण झालं, म्हणजे कोविडचा संसर्ग किती जणांना होऊन गेलाय हे रक्तातल्या अँटीबॉडींवरून तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. एकच वॉर्ड, मध्ये फक्त एक रस्ता! अंतर ठेवा म्हणणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. तुमच्या घरकामाच्या ताईंना, वॉचमनकाकांना हे आजच सांगा. आणि तपासणीच्या दिवसाचा पगार कृपा करून कापू नका.