टीआर परवडला, पण चुकीचा टीए नको

घरी कुणी विचारलं की काय काम करतेस तर मी सांगते, अमेरिकेत कामावर कुणी पडलं-झडलं की त्याचा रिपोर्ट तिथल्या राज्याला आम्ही पुण्यातून पाठवतो, रात्री जागून. आत्या म्हणते, म्हणजे पंचनामाच की गं. तसंच आहे, फक्त कागद नाही, सगळं ईडीआयने, म्हणजे कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर ठरलेल्या फॉरमॅटमधे जातं. अपघाताचा पहिला रिपोर्ट तो फ्रॉय, नंतर भरपाईचे पैसे सुरू झाले, थांबले, केस बंद झाली हे सगळे स्रॉय, आणि प्रत्येकाला दोन अक्षरी कोड, ००, ०२, आयपी, एफएन. फॉरमॅट आयएआयएबीसी नावाच्या संघटनेचा, पण प्रत्येक राज्याने त्यात आपापला मसाला घातलाय त्यामुळे एका राज्यात चाललेलं दुसरीकडे चालेलच असं नाही.

पाठवलं की उलट उत्तर येतं. टीए म्हणजे घेतलं, टीई म्हणजे घेतलं पण चूक आहे, टीआर म्हणजे सरळ परत. नवीन पोरं टीआरला जाम घाबरतात, मला उलट तो आवडतो, कारण तो तोंडावर सांगतो. ००१ आला, काहीतरी भरायचं राहिलंय. ०३९ आला, त्यांच्याकडे ही केसच सापडत नाहीये. टीईचं तसं नाही, "घेतलंय ना" म्हणून माणूस तो बाजूला ठेवतो आणि विसरतो.

बऱ्याच चुका तर एक्सेलच करतं. न्यू जर्सीत नेवार्कचा झिप, म्हणजे तिकडचा पिनकोड, ०७१०२, शीटमधे पेस्ट केला की ७१०२, पुढचा शून्य खाल्ला. कंपनीचा टॅक्स नंबर नऊ आकडी, तो शून्याने सुरू होत असेल तर त्याचंही तेच. आधी कॉलम टेक्स्ट करा मग पेस्ट करा, हे मी इतक्यांदा बोललेय की आता माझी नक्कल करतात.

पण खरी गंमत तारखेची. मागे आमच्याकडे एक नवीन मुलगा आला होता, हुशार, टायपिंग पण फास्ट. न्यूयॉर्कची केस, मालकाच्या फॉर्मवर इजा ०९/०८, मालकाला कळलं ०९/०९. आता ०९/०९ कुणीही वाचा, ९ सप्टेंबरच. पण ०९/०८ त्याने आपल्या सवयीने ९ ऑगस्ट वाचलं, अमेरिकन माणसाने ८ सप्टेंबर लिहिलेलं. सिस्टिमला काय, दोन्ही तारखा खऱ्या, इजा आधी आणि कळलं नंतर, सगळे चेक पास, टीए आला आणि सगळे खूश.

तिथे नियम असा की इजा झाली की ३० दिवसांत मालकाला कळवायचं. ९ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर मोजा. ३१. म्हणजे बिचारा दुसऱ्याच दिवशी सांगून बसलाय आणि रेकॉर्डवर तो मुदत चुकवलेला, आणि हे केलं कोणी तर साता समुद्रापार बसलेल्या आम्ही, एक महिना उलटा वाचून!! सापडलं ते पण नशिबाने. मी स्रॉय करायला घेतला तर हॉस्पिटलच्या कागदावर सप्टेंबर अक्षरात लिहिलेलं होतं, मग मला प्रश्न पडला की हा माणूस मधला महिनाभर तुटलेलं मनगट घेऊन काय करत होता. ०२, म्हणजे बदलाचा रिपोर्ट, पाठवून तारीख बदलली, राज्याने दिलेला क्लेम नंबर सोबत होता म्हणून मॅच झालं. तो मुलगा आता रजेच्या अर्जावरही महिना अक्षरात लिहितो.

दिवस १२ च्या पुढचा असता तर ही चूक झालीच नसती, तेरावा महिना नसतो ना.

पगाराचं पण असंच चोरटं. तिकडे बरेच जण दर दोन आठवड्यांनी पगार घेतात, स्लिपवर १६०० डॉलर दिसले की तेच आठवड्याचे म्हणून टाकायचे. भरपाई साधारण आठवड्याच्या पगाराच्या दोन तृतीयांश, म्हणजे ५३३ च्या जागी १०६७ निघतात. राज्याची कमाल मर्यादा मधे आली तर ठीक, नाहीतर कुणाला कळणारे.

आणि नावं. मारिया गार्सिया लोपेझ असं तीन शब्दी नाव दिसलं की मराठी माणूस मधलं नाव बापाचं समजून मिडल नेममधे टाकतो. गार्सिया तसं बापाकडूनच आलेलं असतं म्हणा, पण ते आडनावाचा भाग आहे हो! मग फ्रॉयमधे नुसतं लोपेझ, स्रॉयमधे दुसऱ्या कुणीतरी गार्सिया लोपेझ टाकलेलं, आणि एकाच बाईच्या फायलीत दोन बायका.

असो, टीईच्या रांगेत आज १७ पडलेत, त्यातले चार गेल्या बुधवारपासूनचे आहेत आणि ते कुणी ठेवलेत मला माहितीये. चहा घेऊन येते आणि बघते त्याच्याकडे.