पांढऱ्या रश्श्याला वूव्रे चालते, तांबड्याला नाही

मटणाचं ताट म्हटलं की वाइनसाठी हात लाल बाटलीकडेच जातो. कोल्हापुरी ताटाशी ती हमखास फसते. लाल वाइनचा तुरटपणा आणि त्यातलं जास्तीचं अल्कोहोल, दोन्हींनी मिरचीची आग वाढते. ताटातल्या पांढऱ्या रश्श्याला मात्र एक फ्रेंच पांढरी वाइन फार छान जमते. ती म्हणजे वूव्रे, त्यातही ‘देमी-सेक’, म्हणजे किंचित गोड.

वूव्रे हे लुआर नदीच्या उत्तर काठावरचं, तूर शहराच्या जरा पूर्वेचं गाव. १९३६ पासून हे नाव कायद्याने राखीव आहे. द्राक्ष शेनिन ब्लां. नाव ओळखीचं वाटेल, कारण नाशिकलाही हेच द्राक्ष पिकतं आणि तिथल्या ‘सुला’ वाइन कंपनीच्या २००० सालच्या पहिल्या वाइनमध्येही ते होतं. फरक हवेचा. नाशिकला काढणी साधारण जानेवारी ते मार्च, उन्हाचा चटका वाढत असताना. वूव्रेला सप्टेंबरपासून कधीकधी नोव्हेंबरपर्यंत, थंडी उतरत असताना. फळ सावकाश पिकतं, त्यामुळे साखर चढली तरी आंबटपणा टिकतो. एकाच बागेत घड मागेपुढे पिकतात, म्हणून चांगले बागायतदार दोन-तीन फेऱ्यांत तोडणी करतात. जमिनीखाली ‘तुफो’ नावाचा मऊ, फिकट चुनखडीचा दगड आहे. बांधकामासाठी तो काढून झालेल्या खाणींतच आता बाटल्या ठेवतात.

वास हिरव्या सफरचंदाचा, नाशपतीचा, मधाचा. जुन्या बाटलीत ओल्या लोकरीची छटा येते. पावसात भिजलेलं घोंगडं आठवा. अशा वासाने बाटली बिघडली असं समजू नका, शेनिनचा तो स्वभावच आहे.

आता रस्सा. नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस यांचा स्निग्धपणा जिभेवर थर धरून बसतो. वाइनचा आंबटपणा तो धुऊन काढतो आणि थोडी साखर हिरव्या मिरचीचा, मिऱ्याचा झटका सौम्य करते. पूर्ण कोरडी, म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची ‘सेक’ इथे करकरीत आंबट लागते. रश्श्यात लिंबू पिळू नका, त्याच्यापुढे वाइन पचपचीत होते. तांबड्या रश्श्यापुढे आणि कांदा-लसूण मसाल्याच्या सुक्क्यापुढे हीसुद्धा हरते. तिथे दह्याची कोशिंबीर बरी.

लेबल वाचताना फसगत होते. साध्या, बिनफेसाच्या बाटलीत ‘सेक’ म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर, आंबटपणा पुरेसा असेल तर ९. ‘देमी-सेक’ १२, तसाच आंबटपणा असेल तर १८. त्यावर ‘मुएलो’ ४५ पर्यंत आणि त्याहून गोड ती ‘दू’. १८ ग्रॅमच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास घेतला तर साखर पावणेतीन ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. पण वूव्रे फेसाळही बनते आणि तिथे तेच शब्द वेगळ्या मापाचे: फेसाळ बाटलीवरचं ‘देमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५० ग्रॅम. रश्श्याला ती चिकट गोड लागते, शिवाय बुडबुडे तिखट टोचवतात ते वेगळंच. फेसाळ घ्यायचीच तर ‘ब्रूत’, म्हणजे कमी साखरेची, घ्या आणि बेताच्या तिखट भडंगाबरोबर प्या. तेल, मीठ, शेंगदाणे, सगळं जमून येतं. पुरणपोळीला यातली कुठलीच नको. कोल्हापुरी गुळापुढे देमी-सेक आंबट पाण्यासारखी लागते. मुएलोसुद्धा जेमतेम टिकते.

प्यायची ९-१० अंशांना. फ्रीजमधून, म्हणजे ४ अंशांवरून, थेट ओतली तर वास गप्प होतो. पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. मे महिन्यात दहा मिनिटं पुरेत. बाटली गरम असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घाला, वर मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते. ग्लास एक तृतीयांशच भरा.

न उघडलेली बाटली स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवू नका, कौलाखालच्या किंवा पत्र्याखालच्या उष्णतेने एका उन्हाळ्यात ती शिजल्यासारखी होते. उघडलेली, बूच लावून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस चांगली राहते. बुचाला किंवा तळाला काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर बाटली परत करू नका. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाचे क्षार थंडीने खाली बसलेले असतात. बाटली हलवू नका, शेवटचा घोट ओतू नका, झालं.