काशीला चाकांची बॅग नेऊ नका

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. बेत एवढाच, की चार दिवस काशीत लोळायचं. पूजा नाही, पिंडदान नाही, बघायच्या ठिकाणांची यादी नाही. घाटावर बसायचं, कचोरी हाणायची, गप्पा मारायच्या. म्हणून हौसेनं मणिकर्णिकेच्या, म्हणजे स्मशानघाटाच्या बाजूला, अगदी नदीवरची खोली घेतली. फोटोत गच्ची आणि खाली गंगा. गाडी कुठपर्यंत येते, असं फोनवर विचारलं होतं. "गोदौलिया तक आइए, फिर बस दो मिनट."

ही दोन मिनिटं आम्हाला पस्तीस मिनिटांना पडली.

जानेवारीतलं धुकं, त्यामुळे गाडी सहा तास उशिरा. कॅन्ट स्टेशनवर उतरलो तेव्हा अंधार पडला होता. (तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. वाराणसी जंक्शन म्हणजेच कॅन्ट. बनारस नावाचं स्टेशन वेगळं, ते पूर्वीचं मंडुवाडीह.) ऑटोवाल्यानं गोदौलिया चौकाच्याही अलीकडे उतरवलं, पुढे बॅरिकेड. तिथून गल्ल्या सुरू. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी रुंदी, खाली उंचसखल दगड, त्यावर शेण आणि सांडलेलं पाणी, आणि एवढ्यातूनही हॉर्न मारत येणाऱ्या मोटारसायकली. एका वळणावर सांड बसलेला. तो उठत नाही, आपणच बॅग डोक्यावर घेऊन पलीकडे जायचं. नकाशातला निळा ठिपका या गल्ल्यांत हमखास भरकटतो. आम्ही एकाच पानाच्या ठेल्यावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ठेलेवाला हसला.

मग मागून "राम नाम सत्य है" ऐकू आलं. भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. खांद्यावरची तिरडी आमच्या नाकासमोरून गेली, आणि रस्ता चुकलेला नाही एवढं मात्र कळलं. त्याच गडबडीत माझ्या बॅगेचं एक चाक गटाराच्या जाळीत अडकून निखळलं.

शेवटी एका पोऱ्यानं बॅगा उचलल्या. बॅगेला शंभर, म्हणजे चारशे ठरले. दारात मागितले आठशे, कारण शेवटच्या चाळीस पायऱ्या "अलग". सहाशेवर मिटवलं. त्या क्षणी त्यानं दोन हजार मागितले असते तरी दिले असते, इतका जीव गेला होता. पैसे ठरवताना "पायऱ्यांसकट, खोलीच्या दारापर्यंत" हे शब्द उच्चारा.

खोलीतून गंगा दिसत होती, खोटं नाही सांगत. पण मणिकर्णिकेवर चिता रात्रंदिवस जळतात, आणि वारा फिरला की धूर खोलीत. आमच्यातल्या डॉक्टरला काही वाटलं नाही, बँकवाल्यानं मात्र चार दिवस खिडकी उघडू दिली नाही. मग दृश्याचे जादा पैसे कशाचे दिले?

माझं स्पष्ट मत: उतरायचं तर अस्सी घाटाजवळ. तिथे गाडी घाटाच्या जवळ येते, पहाटेची आरती चालत जाऊन बघता येते, आणि झाशीच्या राणीचं भदैनीतलं स्मारकही जवळ आहे. मणिकर्णिका बघायचीच तर रिकाम्या हातांनी घाटाघाटानं चालत या. रमतगमत दीड तास. पायऱ्या चढण्याउतरण्याची सवय असेल तर काहीच नाही. पावसाळ्यात मात्र घाट पाण्याखाली जातात, तेव्हा हा रस्ताच नसतो.

मणिकर्णिकेवर कुणी "इधर से अच्छा दिखेगा" म्हणत वर नेऊ लागला तर जाऊ नका. वर गेलं की गरिबांच्या चितेच्या लाकडासाठी दान मागतात, दर किलोमागे सांगतात, आणि नकार दिला की पापाची भीती घालतात. आमचे पाचशे गेले. फोटोही काढू नका, तिथे लोकांचं दुःख चाललेलं असतं.

होडी ठरवताना पूर्ण होडीचा भाव की माणशी, आणि परत सोडणार कुठे, हे आधी विचारा. पहिल्यानं तीन हजार सांगितले, पन्नास पावलं पुढे नऊशेत काम झालं. सूर्योदयाचीच फेरी घ्या. घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत आणि पलीकडे नुसती वाळू. मणिकर्णिकेशेजारी तिरकं झालेलं रत्नेश्वराचं देऊळ आणि त्यापुढे शिंद्यांचा घाट नावेतूनच नीट दिसतो.

विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाईल, स्मार्ट घड्याळ खोलीवर ठेवून जा. दुकानांतले "फुकट" लॉकर प्रसादाच्या थाळीत वसूल होतात. आताचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधलेलं, एवढं आत उभं असताना आठवलं तरी पुरे. रांग थांबू देत नाही.

सारनाथचा दिवस छान गेला. दहा किलोमीटर, शुक्रवारी संग्रहालय बंद. बाकी सांगण्यासारखं काही नाही. आणि हिवाळ्यात गेलात तर सकाळी मलइयो (दुधाच्या फेसाची मिठाई) खा, दुपारपर्यंत संपतो.

निघताना पहाटे पाचला त्याच गल्लीतून आलो. बॅग गमछ्यानं पाठीला बांधलेली, गल्ली रिकामी, सांडसुद्धा नाही. घड्याळ लावून मोजलं: चौदा मिनिटं.